मागच्या हातातली पोथी

आमच्या मातीच्या घरात देवघर असे वेगळे नव्हते. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात देवांचे टाक आणि एक लहानशी पिंड, आणि कोनाड्याच्या वर खिळ्याला सरस्वतीचे चित्र. ते चित्र कुणी विकत आणलेले नव्हते. पांढरकवड्याच्या एका कृषी केंद्राने सरकीच्या पिशव्यांबरोबर दिलेले ते कॅलेंडर होते. वर्ष सरल्यावर वडिलांनी तारखांची पाने काढून टाकली आणि वरचा भाग सुताराकडून चौकटीत बसवून घेतला. कात्री थोडी वरून चालवली असती तर बरे झाले असते, कारण देवीच्या पावलांखाली, कमळाच्या पाकळ्यांना खेटून, कीटकनाशकाच्या जाहिरातीची एक ओळ अर्धी राहून गेली होती. अक्षरांच्या शिरोरेघा आणि खांदे तेवढे दिसत, पाय कापले गेलेले. मला वाचता येऊ लागले तेव्हा घरात वाचण्यासारखे तेवढेच होते, आणि ती ओळ मला शेवटपर्यंत नीट लागली नाही.

मायला वाचता येत नव्हते. घटस्थापनेच्या आधी घर सारवायला काढले की ती ते चित्र उतरवायची, मागच्या पुठ्ठ्याला उधई लागली का ते पाहायची, आणि पदराच्या टोकाला पाणी लावून काच पुसायची. अशाच एका वर्षी, मी चौथीत असेन, काच पुसता पुसता तिचा हात थांबला आणि तिने मला विचारले, ‘‘काहून रे, हे बाई पोथी मांगच्या हातात धरते. मंग वाचते कवा?’’

मी तेव्हा हसलो होतो. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत अठ्ठावीस वर्षे शिकवले, दर दसऱ्याला कुठल्या ना कुठल्या सरस्वतीला हार घातला, आणि दर वेळी नजर आधी मागच्या हाताकडे गेली. मायचे म्हणणे खरे होते. पुढचे दोन हात वीणेवर गुंतलेले असतात. मागच्या एका हातात जपमाळ, दुसऱ्यात पोथी, आणि ती पोथी बहुधा मिटलेली. विद्येची देवी म्हणून जिला आपण हात जोडतो ती चित्रात गाते, वाजवते, समोर पाहते, मंद हसते. वाचताना मात्र ती सहसा सापडत नाही.

हे चित्र आपल्या डोळ्यांत इतके मुरले आहे की सरस्वती पहिल्यापासून अशीच होती असे वाटते. वेदांत ती नदी आहे, आणि नदीला हात किती हा प्रश्नच येत नाही. मूर्तीच्या रूपातली ज्ञात असलेली सर्वांत जुनी सरस्वती मथुरेच्या कंकाली टीला या जैन स्थळी मिळाली, ती इ.स. १३२ च्या सुमाराची मानतात आणि आज ती लखनौच्या राज्य संग्रहालयात आहे. मी तिचे छायाचित्रच पाहिले आहे, पण ते पाहिल्यावर बराच वेळ पान उलटले नाही. तिचे डोके गेलेले आहे. उजवा हातही तुटला आहे. गुडघे वर घेऊन ती उकिडवी बसली आहे, आमच्याकडे बाया निंदण करताना किंवा चुलीपुढे बसतात तशी, आणि तिच्या डाव्या हातात पोथी आहे. वीणा नाही, मोर नाही, हंस नाही. बैठकीवरच्या लेखात दात्याचे नाव गोव असे आले आहे आणि तो लोहकाम करणारा होता. भात्याजवळ बसणाऱ्या माणसाने वाणीच्या देवतेची मूर्ती घडवून दान द्यावी, आणि तिच्या शाबूत हातात पोथी असावी, हे मला फार मोलाचे वाटते. डोके हरवले, हात तुटला, पोथी मात्र अठराशे वर्षे जागच्या जागी राहिली.

वीणा पुढे कधी आली आणि पोथी मागे कशी सरकली याचा प्रवास लांबचा आहे आणि तो प्रांताप्रांतांत निराळा आहे. शाळाशाळांत म्हटली जाणारी ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’ ही स्तुती घेतली तर तिच्या पहिल्या दोन ओळींत कुंदाची फुले, चंद्र, हिम, शुभ्र वस्त्र, वीणेच्या दांड्याने शोभणारे हात आणि पांढरे कमळ एवढे सगळे येते. पोथी येत नाही. मोरही येत नाही. आपल्या भिंतीवरची सरस्वती मात्र मुख्यतः छापखान्यातून आली आहे. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १८७८ पासून देवादिकांची रंगीत शिळाछापी चित्रे घरोघर नेली, आणि १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला तेव्हा त्या चित्रांना ते रूप मिळाले जे आज आपण देवाचेच रूप समजतो. एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागत असे. एकाच कागदावर एकावर एक असे रंग चढवायचे आणि एकही दगड केसभर हलता कामा नये. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला, पण देवी त्याच राहिल्या. रविवर्म्याची सरस्वती पाण्याकाठी खडकावर बसली आहे, मांडीवर वीणा आहे, जवळ मोर आहे, मागच्या हातात ताडपत्राची पोथी आहे. ती हाडामांसाची, पाठीचा कणा ताठ असलेली बाई आहे. वीणेचे वजन तिच्या मांडीला जाणवते आहे असे वाटते. नंतरच्या कॅलेंडरांनी तिचे वजन काढून घेतले. महाराष्ट्रात रघुवीर मुळगावकरांच्या देवी घराघरांत गेल्या; त्यांच्या त्वचेवरचा तो मऊ उजेड मला लहानपणी खरा वाटायचा आणि आजही आवडतो, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांच्या मागून आलेल्या स्वस्त छपाईत लक्ष्मी आणि सरस्वती यांचा चेहरा एकच झाला. लाल लुगडे नेसवले की लक्ष्मी, पांढरे नेसवले की सरस्वती.

छापील देवाची टिंगल करणे सोपे आहे आणि मी ती करणार नाही. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभा करावा लागला. म्हणजे आमच्याच वऱ्हाडात देवळाचा उंबरा अनेकांसाठी बंद होता. छापलेल्या देवीला मात्र उंबरा नव्हता. ती काही आण्यांत मिळे, गुंडाळी करून काखेत मारता येई, बैलगाडीतून गावाला येई आणि कुडाच्या भिंतीवर खिळ्याला टांगून घेई. कुणाच्या हातची पूजा चालेल आणि कुणाच्या हातची नाही, हे तिने कधी विचारले नाही.

मोराबद्दल मात्र मायचे मत वाईट होते. आमचे शेत रानाला लागून; जूनमध्ये सरकी आणि तूर टोबली की पहाटे मोरांचा कळप उतरायचा आणि ओळीने दाणे उकरून खायचा. गोफण घेऊन बांधावर बसावे लागे. चित्रातला मोर देवीच्या पायाशी शहाण्यासारखा बसलेला पाहून माय म्हणायची, ‘‘याले पायाशी बसवलं तं पेरलेलं राहीन का?’’ उत्तरेकडच्या चित्रांत मोराच्या जागी हंस असतो. दूध आणि पाणी वेगळे करणारा विवेकी हंस म्हणून तो विद्येला शोभतोही, पण कॅलेंडरवाले त्याची मान इतकी वळवतात आणि चोच इतकी केशरी करतात की तो सरळ विलायतेच्या तळ्यातला पक्षी होतो. जुन्या साहित्यातला हंस म्हणजे हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब असावा, असे काही अभ्यासक मानतात. राखी रंगाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी विदर्भातल्या तलावांवरही उतरतो. तो एखाद्या चित्रकाराने देवीजवळ बसवला तर लोक त्याला बदक म्हणतील, हेही खरे.

देवीची आणखी एक बैठक मी ज्या ठिकाणी पाहिली ते ठिकाण म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याची गादी. दिवाळीत वहीपूजनाला जे चित्र लावतात त्यात मधोमध लक्ष्मी, एका बाजूला गणपती आणि एका बाजूला सरस्वती असते. पैसा मध्ये आणि विद्या कडेला. लहानपणी आजोबांबरोबर कापसाची गाडी घेऊन गेलो की मी त्या चित्राखालीच बसायचो. गादीवर मुनीम लाल कापडाच्या बांधणीची लांब वही उघडून लिहीत असे, आणि लिहून झाले की वही आजोबांकडे फिरवून बोटाने जागा दाखवी. आजोबा जांभळ्या शाईच्या गादीवर अंगठा दाबत, मग वहीवर दाबत, मग तो अंगठा धोतराच्या काठाला पुसत. वही मिटे. त्या वहीत काय लिहिले आहे ते आजोबांना ठाऊक नसे, मुनिमाला ठाऊक असे, आणि वर भिंतीवर सरस्वती तिची मिटलेली पोथी धरून बसलेली असे. मायच्या प्रश्नाचा एक अर्थ मला खूप नंतर, त्या धोतराच्या जांभळ्या काठावरून लागला.

पण आमच्या घरात आणखी एक सरस्वती होती आणि ती छापील नव्हती. वर्षातून एक दिवस, दसऱ्याला, ती पाटीवर यायची. आदल्या दिवशी पाटी कोळशाने घासून, पाण्याने धुऊन उन्हात वाळवत ठेवायची. सकाळी माय पाट मांडायची, पाटावर पाटी, आणि पाटीवर पेन्सिलीने एकाशेजारी एक असे एकाचे आकडे काढायची. देवनागरी एक हा आकडा मोठा देखणा आहे: वर गोल डोके, मग पाठीचा बाक, खाली उतरत जाणारी शेपटी. असे सात एक ओळीने उभे राहिले की माय त्यांच्या शेपट्या तिरप्या रेघांनी जोडत जाई, रेघा खाली जाऊन एका टोकाला मिळत, दोन्ही अंगांना पुन्हा लहान लहान एक येत, आणि बघता बघता मुकुट घातलेली, दोन्ही हात पसरलेली, पायांशी निमुळती होत गेलेली एक बाई पाटीवर उभी राही. मामांच्या घरी हीच आकृती पाच एकांची काढत आणि आमची चुकीची आहे असे म्हणत; यावरून दोन घरांत दर दसऱ्याला एक सौम्य भांडण होई. मग हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पाने. त्या दिवशी पाटीला हात लावायचा नाही, म्हणजे अभ्यास नाही, म्हणून ही देवी मला सगळ्यांत प्रिय होती.

मायला अक्षर येत नव्हते, हे मी वर लिहिले आहे. तिला एक येत होता. तो आकडा आहे, त्याची किंमत एक आहे आणि त्याच्यापुढे दोन असतो, हे तिला लिखाणात कधी कुणी दाखवले नव्हते. तिच्या आईने तिला तो रांगोळीच्या ठिपक्यांसारखा शिकवला होता. तरीही ती पेन्सिल धरत होती, डावीकडून उजवीकडे जात होती, आकड्याचे डोके आधी आणि शेपटी नंतर काढत होती. शाळेत पहिलीच्या मुलांचे हात धरून मी वर्षानुवर्षे हेच करवून घेतले आहे. चित्रातली देवी पाहायची असते. पाटीवरची देवी लिहावी लागते, तिचे प्रत्येक अंग लिहिण्यातून होते, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने ती पुसून तिच्याच जागी बेरजा मांडायच्या असतात. तिच्या हातात पोथी नसते, कारण तिचे सगळे अंगच आकड्यांचे असते. नव्वदीच्या दशकात साक्षरता अभियानाचे रात्रीचे वर्ग आले तेव्हा माय कंदील घेऊन जायला लागली. स्वयंसेविकेने तिला पाटीवर एक काढायला सांगितला, आणि तिने एक झोकात सात काढून त्यांच्या शेपट्या जोडायला घेतल्या. बाकीच्या बाया हसल्या नाहीत. त्यांच्यापैकी निम्म्या जणी तेच करत होत्या.

माझी बहीण भंडाऱ्याकडे, लाखनीच्या बाजूला दिली आहे. त्या भागात, आणि पूर्व विदर्भातल्या पुष्कळ गावांत, नवरात्रात दुर्गेसारखीच शारदेची मातीची मूर्ती बसते. मंडळ असते, मांडव असतो, वर्गणी असते, रात्री भजने असतात, सगळे काही गणपतीसारखे. एका वर्षी मी तिथल्या मूर्तिकाराच्या ओसरीवर अर्धा दिवस काढला. दुर्गा आणि शारदा या दोघींचे चेहरे एकाच साच्यातून निघत होते आणि ओळीने उन्हात वाळत पडले होते; कुणाच्या हाती शस्त्र येणार आणि कुणाच्या हाती वीणा, हे चेहऱ्यांना अजून ठाऊक नव्हते. हात वेगळे घडतात आणि मुठीत आरपार भोक ठेवतात, म्हणजे ज्याला जे द्यायचे ते नंतर खोचता येते. बहिणीच्या गावच्या शारदेच्या मागच्या मुठीत पोरांनी पोथी म्हणून सुरळी केलेली अंकलिपी खोचली होती. विसर्जनाच्या दिवशी तलावाच्या काठावर, आरती संपून मूर्ती उचलायच्या आधी, एका लहान मुलीने पुढे होऊन ती अंकलिपी काढून घेतली. तिची होती.

आमच्या बाजूचे लोक मुलाला शाळेत घालण्याआधी बासरला नेतात. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, मग निर्मल, आणि तिथून गोदावरीच्या काठी बासर. व्यासांनी वाळूच्या तीन मुठींनी या देवी मांडल्या अशी तिथली कथा आहे, आणि गाभाऱ्यातली सरस्वती कुंदाच्या फुलासारखी पांढरी मुळीच नाही. ती हळदीने माखलेली, पिवळीधमक आहे. तिथे मुलाला मांडीवर घेऊन त्याचे बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. माझ्या मुलाच्या वेळी गर्दी इतकी होती की आमचे अक्षर कोणते गिरवले गेले ते मला नीट दिसले नाही, आणि गिरवणाराही सारखा रडत होता.

दसऱ्याच्याच दिवसाची दुसरी आठवण सांगितली नाही तर हे सगळे अर्धे राहील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली. माझ्या वर्गातला जवळचा मित्र त्या घरांपैकी एका घरातला होता. त्याच्या आजोबांनी नागपूरहून परत आल्यावर भिंतीवरचे सगळे देव उतरवले, त्यांत सरस्वतीही होती. आमच्याकडे पाटीपूजन चाललेले असायचे तेव्हा ती मंडळी एस.टी.च्या थांब्यावर उभी असायची, म्हातारे, बाया, कडेवरची पोरे, सगळी स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत. शुभ्रवस्त्रावृता हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. प्रत्यक्ष शुभ्र वस्त्रे मी त्या थांब्यावर पाहिली. मित्राच्या घरात बाबासाहेबांचे रंगीत चित्र होते आणि पुढे वस्तीच्या तोंडाशी पुतळा उभा राहिला. निळा कोट, उजव्या हाताचे बोट वर, आणि डाव्या हाताने छातीशी घट्ट धरलेला ग्रंथ. ग्रंथ पुढे. गावागावांतल्या पुतळ्यांत नाकडोळे बदलतात, उंची बदलते, कोटाचा रंगही बदलतो. ग्रंथाची जागा बदलत नाही. मथुरेच्या त्या लोहाराने दिलेल्या मूर्तीनंतर पोथी इतकी हाताशी धरलेली मी या चित्रांतच पाहिली.

शाळेत सरस्वतीचे चित्र असावे की सावित्रीबाईंचे, यावर आपल्याकडे मोठा वाद होतो. तो वाद पोकळ आहे असे मला वाटत नाही. १८४८ हे रविवर्म्याच्या जन्माचे वर्ष आहे, आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. एकाने देवीला चेहरा दिला, दुसऱ्या ठिकाणी मुलींच्या हातात पाटी आली, आणि मायपर्यंत यांतले चित्र आधी पोचले, शाळा पोचायला दीडशे वर्षे लागली. ही गोष्ट ज्याला बोचते त्याचे काही चुकत नाही. गाडगेबाबा आमच्याच मुलखातले. जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असे ते कीर्तनात सांगत, आणि दगडाच्या देवापुढे नैवेद्य मांडणाऱ्यांची खिल्ली उडवत. तरीही मायच्या पाटीवरचे ते सात एक मला खोटे म्हणता येत नाहीत.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आमच्या शाळेच्या भिंती रंगवायच्या ठरल्या. शाळा व्यवस्थापन समितीत दोन बैठका झाल्या आणि ठरले ते असे: फाटकाच्या एका बाजूला सावित्रीबाई, दुसऱ्या बाजूला सरस्वती, आणि दोघींच्या मध्ये बाराखडी. पेंटर गावचाच, गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवणारा. त्याने निळीत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून झटकली आणि चौकटी पाडल्या, तशाच चौकटी हातातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने पाडल्या, आणि एकेक चौकट कागदावरून भिंतीवर न्यायला सुरुवात केली. चेहरे झाले. दोघींचे डोळे एकाच घरातले दिसत होते, पण ते कुणाला सांगण्यासारखे नव्हते. वीणेशी आल्यावर तो अडला. कॅलेंडरमधली पडदे बसवलेली आडवी वीणा त्याने कधी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, म्हणून त्याने सप्ताहात खांद्यावर धरून पहारा देतात ती, भोपळ्याची उभी वीणा काढली. मला ती जास्त आवडली. मग मागचे हात आले. चार हातांच्या चित्रात मागचे हात खांद्याला कुठून फुटतात हे कोणत्याही चित्रकाराला विचारू नये. सगळेजण तिथे केस सोडतात किंवा पदर आणतात.

त्या वेळी मी धीर करून म्हणालो की पोथी पुढच्या हातात द्या, आणि उघडी द्या. तो ब्रश डब्यात टेकवून माझ्याकडे बघत राहिला. ‘‘गुरुजी, पोथी पुढं आणली तं वीणा वाजवन कोन?’’ प्रश्न रास्त होता. बराच वेळ विचार करून, एक बिडी ओढून, त्याने वीणा खांद्याला टेकवून एकाच हाताने धरलेली दाखवली, पहारेकरी तार छेडायचे थांबून घटकाभर विसावतो तशी; मोकळ्या झालेल्या हातात गुडघ्यावर पोथी उघडली, मागचा एक हात माळेला दिला आणि एक आशीर्वादाला. पोथीवर काय लिहू, असे त्याने विचारले. समितीतला एक जण म्हणाला ओम लिहा, एक म्हणाला भारताचे संविधान लिहा, मुख्याध्यापिका म्हणाल्या सुविचार लिहा. तिघांचे एकमत होईना आणि पांढरा रंग वाळत आला, तेव्हा पेंटरने पाने कोरी सोडली. मोराला जागा उरली नाही. माय असती तर खूश झाली असती.

निवृत्त झाल्यावर एकदा पावसाळा सरताना काही कागदांसाठी शाळेत गेलो. पोथीची पाने गुडघ्याच्या उंचीवर आली आहेत, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाचा हात सहज पोचेल अशी. डाव्या पानावर कुणीतरी चुलीतल्या कोळशाने लिहिले होते: ‘आज खिचडीत मीठ नाही.’ शिपाई ओले फडके घेऊन आला होता. मी त्याला जरा थांबवले आणि वाकून पाहिले. मीठमधली वेलांटी दुसरी होती, खिचडीत पहिली पहिलीच्या जागी आणि दुसरी दुसरीच्या जागी होती, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविरामही होता.